मदत हवी आहे : ज्यूंबद्दलचा धार्मिक द्वेष एवढा कधी पेटला?

मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. येशूला ज्यूंनी मारलं हा आरोप तर जुनाच, मॅथ्यूच्या शुभवर्तमानात जमावच म्हणतो की त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो (शिक्षा दिली रोमन सुभेदार पिलाताने, ते मात्र सगळे सोयीस्कर विसरतात!). पण पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन सांगत होता की यांना मारू नका, फक्त दबून राहू द्या. मग १०९६ मध्ये असं काय झालं की जेरुसलेमला निघालेल्या क्रूसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) टोळ्यांनी वाटेतच जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी वर्म्स, माइन्झमध्ये ज्यूंची कत्तल केली? माइन्झला बिचारे आर्चबिशपच्या वाड्यात आसऱ्याला गेलेले, तिथेही घुसले, आणि बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) नको म्हणून काही आईबापांनी स्वतःच्याच पोरांना मारलं, वाचवत नाही हो. ज्यू सावकारी करायचे म्हणून राग, हे व्याजबट्ट्याचं कारण सगळे देतात पण मला ते अर्धवट वाटतं, कारण टोळ्या लुटालूट करत होत्या हे खरं असलं तरी बाप्तिस्मा घे नाहीतर मर असंही म्हणत होत्याच की. ज्यूंना वेगळे कपडे घालायची सक्ती तर चर्चने नंतर, १२१५ च्या लॅटरन परिषदेत (रोममधल्या चर्चच्या मोठ्या सभेत) केली. म्हणजे आधी जमाव पेटला आणि चर्च मागून आलं, का गावोगावच्या प्रवचनांनीच पेटवलं? मराठीत यावर काही चांगलं वाचायला असेल तर तेही सांगा प्लीज.