सिम८०० काढून ४जी मोड्यूल: बोर्डात काय काय बदलावं लागेल?

देवासनाका_ट्रॅकर
इंदूर–सेंधवा–धुळे रस्त्यावरच्या ट्रक-बसमध्ये आमचे ४०० ट्रॅकर (गाडीचं ठिकाण सर्व्हरला कळवणारे) आहेत. सप्लाय २४ व्होल्ट, मोबाइल नेटवर्कचं मोड्यूल २जीचं सिम८००, कंट्रोलर ३.३ व्होल्टचा. जिओला २जी नाहीच, म्हणून ४जीचं ईसी२००यू घ्यायचा विचार आहे. नुसतं मोड्यूल बदलून भागेल का?

पिथमपूर_२४व्होल्ट
नाही भागणार, बोर्ड नवाच करा. फूटप्रिंट (बोर्डावरची पिनांची मांडणी) वेगळा आहे, पण खरी अडचण सिग्नलच्या व्होल्टेज लेव्हलची. सिम८००चे पिन २.८ व्होल्टवर चालतात, ईसी२००यूचे १.८ वर. कंट्रोलरचा ३.३ व्होल्टचा टीएक्स (डेटा पाठवणारा पिन) थेट जोडलात तर मोड्यूलचा पिन जाऊ शकतो. उलट दिशेला मोड्यूलचा १.८ चा हाय कंट्रोलर कधी धरतो, कधी नाही. असं युनिट टेबलावर नीट चालतं आणि उन्हात केबिन तापली की गप्प होतं. टीएक्स-आरएक्सवर (पाठवणाऱ्या-घेणाऱ्या पिनांवर) लेव्हल शिफ्टर, म्हणजे व्होल्टेज जुळवणारं सर्किट, घाला. मोड्यूल चालू करणारी पॉवर-की पिन ट्रान्झिस्टरने खाली ओढा, तिला वर व्होल्टेज देऊ नका.

४जीला करंट कमी लागतो म्हणून रेग्युलेटर मात्र लहान करू नका. मोड्यूलला २जी फॉलबॅक (४जी न मिळाल्यास २जीवर जाणं) असेल आणि सिम जिओचं नसेल तर घाटात ते २जीवर उतरतं आणि ५७७ मायक्रोसेकंदांचे २ अॅम्पिअरपर्यंतचे झटके घेतं. ३.८ व्होल्टला ३ अॅम्पिअरचा बक (व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर) ठेवा, मोड्यूलला चिकटून कमी ईएसआरचा, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, शिवाय १०० नॅनोफॅरड आणि ३३ पिकोफॅरड. बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक रुंद आणि आखूड हवा. व्होल्टेज ३.३ च्या खाली गेलं की मोड्यूल बंद पडतं आणि दोष सिमवर जातो.

मानपूरघाट
अँटेना विसरू नका भाऊ! जुना ९००/१८०० मेगाहर्ट्झचा तसाच ठेवला तर बँड ४० वर, म्हणजे २३०० मेगाहर्ट्झला, तो फार कमजोर पडतो. जिओसाठी बँड ३, ५ आणि ४० तिन्ही पाहिजेत, एअरटेलसाठी ८ सुद्धा. एकाच नावाच्या मोड्यूलचे व्हेरियंट वेगवेगळ्या देशांसाठी असतात. ऑर्डर देण्याआधी पूर्ण पार्ट नंबर डेटाशीटशी ताडून घ्या.

फर्मवेअरमध्ये सर्व्हरशी जोडणी उघडायची कमांड बदलेल: एटी+सीआयपीस्टार्टच्या जागी एटी+क्यूआयओपन येईल. नेटवर्क आहे का हे फक्त सीआरईजी कमांडवर बघू नका, ४जीची नोंदणी सांगणाऱ्या सीईआरईजीचं उत्तर १ किंवा ५ आलं पाहिजे. एसएमएसने सेटिंग बदलत असाल तर ते नव्या सिमवर वेगळं तपासा.

देवासनाका_ट्रॅकर
काही बसमध्ये एआयएस १४० चं (वाहन-ट्रॅकिंगच्या भारतीय मानकाचं) युनिट आहे. तिथेही हाच बोर्ड चालेल?

पिथमपूर_२४व्होल्ट
परस्पर नाही. ते प्रमाणपत्र तपासलेल्या मॉडेलचं असतं आणि मोड्यूल हा त्याचा मुख्य भाग. पुण्याची एआरएआय (वाहनांची चाचणी करणारी संस्था) किंवा ज्या संस्थेने मंजुरी दिली तिला आधी बदल कळवा, किती चाचण्या पुन्हा लागतील ते विचारा, मगच बोर्ड (पीसीबी) छापा. तोवर ट्रकपासून सुरुवात करा.

मानपूरघाट
पहिली १० युनिटं बिजासन घाट उतरणाऱ्या गाड्यांत लावा. नेटवर्क नसताना ठिकाणाचे पॉइंट फ्लॅश मेमरीत साठतात का आणि नंतर वेळेच्या क्रमाने सर्व्हरवर जातात का, हे तिथेच कळेल. बाकी ३९० त्यानंतर.