मदत हवी आहे: जुन्या ट्रकचा पॉवर स्टेअरिंग पंप गळतोय, पण एवढं तेल जातंय कुठे?

मंडळी नमस्कार,

आमची सहाचाकी गाडी आहे, २००९ ची. सासवडहून पुण्याच्या मार्केट यार्डात माल आणते. हंगामात अंजीर, सीताफळ, वाटाणा, एरवी मिळेल तो भाजीपाला. वडिलांनी घेतलेली, आता धाकटा भाऊ चालवतो. देखभाल माझ्याकडे.

दीड महिन्यापासून स्टेअरिंगच्या तेलाची टाकी उतरतेय. आठवड्याला साधारण अर्धा लिटर एटीएफ (स्टेअरिंगचं लाल तेल) ओतावं लागतं. पंप खालून कायम ओला, त्यावर धूळ बसून काळा चिकट थर झालाय. सकाळी गाडी चालू केली की पंप घरघरतो. यार्डात गाळ्यासमोर गाडी मागे घेताना स्टेअरिंग मध्येच जड होतं, मग सुटतं. रस्त्याला लागल्यावर काही जाणवत नाही.

कोडं असं की रात्री गाडीखाली मी पुठ्ठा टाकून ठेवला, तर सकाळी त्यावर पंपाच्या बरोबर खाली रुपयाएवढे चार-पाच लाल डाग. बस. एवढ्याने अर्धा लिटर कसं जाईल?

हडपसरचे एक मिस्त्री म्हणाले नवा पंप टाका. दुसरे म्हणाले किट टाकू, सील बदललं की झालं. नाना पेठेत चौकशी केली तर जुना देऊन रिकंडिशन घ्या म्हणाले. पण गळती नेमकी कुठून आहे हे कुणीच पुसून पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात आरटीओ पासिंगला दिवे गावी न्यायचीय, पण काळजी त्याची नाही. भाऊ भरली गाडी घेऊन रात्री दोनला दिवे घाट उतरतो. पंप बंद पडला तरी चाकं वळतात हे माहीत आहे, पण ऐन वळणावर स्टेअरिंग दगडासारखं झालं तर त्याने काय करायचं? तो गेल्यावर घाटाखालच्या वडकीहून त्याचा फोन येईपर्यंत मला झोप लागत नाही. किट, रिकंडिशन की नवा? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

हायवेवाला: आधी पंप डिझेलने धुऊन कोरडा करा. इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. आमच्या गाडीत गळत होतं प्रेशर होजच्या बोल्टखालचं तांब्याचं वायसर, आणि आम्ही पंप बदलून बसलो होतो. होजजवळ हात नेऊ नका, पुठ्ठा धरा. बारीक फवारा कातडीत घुसतो.

जुना फिटर: पंप बेल्टवर आहे की इंजिनच्या गिअरवर?

धागाकर्ता: गिअरवर, दादा. इंजिनच्या टायमिंग गिअरच्या केसिंगला बसलाय, पुली नाही.

जुना फिटर: मग आत्ता जाऊन इंजिन ऑइलची पट्टी काढून बघा. गाडी सपाटीला आणि थंड हवी.

धागाकर्ता: वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे! भाऊ तर म्हणत होता, हल्ली इंजिन तेल अजिबात खात नाही.

जुना फिटर: पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर दुखणं वेगळं. नसेल, तर तुमचं अर्धा लिटर तिथेच जातंय. गिअरच्या पंपाचं शाफ्ट सील गेलं की एटीएफ केसिंगमधून इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, जमिनीवर दिसत नाही. त्याने इंजिन ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगला मार बसतो. भाडं बुडालं तरी चालेल, गाडी उभी करा.

पंप उतरवल्यावर सील काढा आणि शाफ्टवर सील बसतं तिथे नख फिरवा. गुळगुळीत असेल तर किट चालेल. नख अडकलं तर चर पडलीय, नवं सीलही टिकणार नाही, नवा पंपच घ्या. गिअरचे दातही बघा. टाकीतला फिल्टर, तांब्याची वायसरं नवी, इंजिन ऑइल फिल्टरसकट बदला. रिटर्नचा पाइप डब्यात सोडून जुनं एटीएफ पूर्ण काढा.

हवा काढताना घाई नको. पुढची चाकं उचलून गाडी टेकूवर भक्कम बसवा, टाकी भरा, आयडलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. टोकाला नेऊन दाबून धरू नका, तेल तापतं. टाकीत दुधासारखा फेस दिसेल तोवर हवा आहे. थांबा, बसू द्या, पुन्हा फिरवा. तेल पुस्तिकेत लिहिलंय तेच, ब्रेक ऑइल चुकूनही नको.

धागाकर्ता: आठ दिवसांनी लिहितोय. डिझेलचा वास नव्हता. सील काढून नख फिरवलं आणि ते चक्क अडकलं. गिअरचे दात चांगले होते. टाकीच्या फिल्टरवर धातूचा चकाकता कीस होता, तो पाहून भाऊसुद्धा गप्प झाला. नवा पंप टाकला. बाहेरचे डाग होजच्या वायसरमुळेच होते, हायवेवाला दादांचंही बरोबर. हवा काढायला तास गेला.

काल रात्री भाऊ अंजीर घेऊन घाट उतरला, मी शेजारी बसलो होतो. यार्डात त्याने एका हाताने गाडी गाळ्याला लावली. आज सकाळी टाकीचं तेल खुणेवर, इंजिनची पट्टीही खुणेवर. दादा, तुम्ही पट्टी बघायला लावलीत, फार आभार.