मदत हवी आहे: फिनॉलपासून सॅलिसिलिक आम्ल, स्फटिकांऐवजी तेल सुटतंय

अणुरेणू:
९.४ ग्रॅम फिनॉल आणि ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा ४० मिली पाण्यात विरघळवून तासभर कार्बन डायऑक्साइड सोडला. मग विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं, तर तपकिरी तेल सुटलं. बर्फात ठेवूनही स्फटिक नाहीत. फेरिक क्लोराइडने जांभळा रंग मात्र लगेच आला. म्हणजे आम्ल तयार झालंय ना? ते वेगळं कसं करू? चामखिळीवर लावायचं औषध त्यातून करता येईल का?

नरसाळं:
ते तेल म्हणजे तुमचंच फिनॉल, पाणी पिऊन बसलेलं. जांभळ्या रंगावर जाऊ नका, तो फिनॉलही देतं. तेल आधी थोड्या पाण्याने धुवा (नाहीतर राहिलेलं सल्फ्युरिकच फसफसेल) आणि खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात थेंबभर टाका. सॅलिसिलिक आम्ल असेल तर बुडबुडे येतात, नुसतं फिनॉल ढिम्म राहतं.

घोळ पाण्याचा आहे. कार्बोनिक आम्ल फिनॉलपेक्षा तीव्र (पीकेए, म्हणजे आम्लाच्या तीव्रतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र: ६.४ विरुद्ध १०). त्यामुळे पाण्यात वायू सोडला की सोडियम फिनॉक्साइडचं (फिनॉल आणि कॉस्टिक सोड्याच्या क्षाराचं) परत फिनॉल होतं आणि बाजूला सोडियम बायकार्बोनेट. तासभर सोडा नाहीतर दिवसभर, फरक पडणार नाही.

शुष्ककुपी:
वरच्याला +१. फिनॉलपासून सॅलिसिलिक आम्ल करायच्या या कोल्बे-श्मिट अभिक्रियेला फिनॉक्साइड कोरडं ठणठणीत लागतं. द्रावण आटवायचं, उरलेला घट्ट गोळा निर्वातात तापवत, मधेमधे कुटत भुकटी करायची. हवा लागली की ती ओलावा ओढते आणि काळवंडते. मग बंद ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या धातूच्या भांड्यात) साधारण १२५ अंश सेल्सिअस आणि ५-७ वातावरण दाबाखाली वायू द्यायचा. थंड झाल्यावर पाण्यात विरघळवून आम्ल घातलं की पांढरा साका बसतो. ९.४ ग्रॅम फिनॉलमागे कागदावर १३.८ ग्रॅम.

कोल्बेची १८७४ची पद्धत साध्या दाबावर, १८० अंशांच्या वर चालायची, पण डायसोडियम सॅलिसिलेट बनून जवळपास निम्मं फिनॉल उडून जायचं. श्मिटने १८८५ मध्ये दाब आणला आणि ते नुकसान थांबलं. कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश घेऊन तापमान २०० च्या पुढे नेलं तर मुख्यतः पॅरा-हायड्रॉक्सीबेंझोइक आम्ल हाती येतं, म्हणून तिथे अदलाबदल नको.

ऑटोक्लेव्ह नसेल तर हा नाद सोडा. काचेच्या बंद भांड्यात दाब देणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

अणुरेणू:
ऑटोक्लेव्ह नाही. दुसरा मार्ग?

नरसाळं:
मिथाइल सॅलिसिलेट (विंटरग्रीनचं तेल) घ्या. हे २ ग्रॅम तेल, ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा, २० मिली पाणी. मिसळताच पांढरा घट्ट साका येतो. घाबरू नका, तो सोडियमचा क्षार आहे, तापवल्यावर विरघळतो. रिफ्लक्सवर (वाफ थंड होऊन परत भांड्यात पडेल असं उकळत) अर्धा तास ठेवा. मग बर्फात बसवून विरल सल्फ्युरिक हळूहळू घाला, पीएच २ च्या खाली जाईपर्यंत. इथे हात आखडला तर माल द्रावणातच राहतो. गाळून सुमारे ४० मिली उकळत्या पाण्यातून पुन्हा स्फटिक पाडा. जास्तीत जास्त १.८ ग्रॅम मिळेल. हवेवर सुकवा, गरम ओव्हनमध्ये ते संप्लवन होऊन (न वितळता थेट वाफ होऊन) उडतं.

वितळणबिंदू १५९ अंश. १५०-१५५ दरम्यान लांबत वितळलं तर आधी ओलावा बघा, मग अशुद्धी.

मलमपट्टी:
औषधाचं मात्र विसरा. फिनॉलचा अंश राहिला तर त्वचा भाजते, आणि ती बधिर होत असल्याने उशिरा कळतं. प्रयोगातही हातमोजे हवेतच. विकतच्या औषधांत प्रमाण ठरलेलं असतं: मुरमांसाठी ०.५ ते २ टक्के, चामखिळीच्या द्रावणात १७ च्या आसपास, कुरूपाच्या पट्टीत ४० पर्यंत. मधुमेह असेल किंवा पायाला संवेदना कमी असेल तर तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तुमचा माल अॅस्पिरिनच्या प्रयोगाला वापरा. तिथे फेरिक क्लोराइडचा खरा उपयोग आहे: शुद्ध अॅस्पिरिन जांभळं होत नाही, झालं तर सॅलिसिलिक आम्ल शिल्लक आहे.