भूकंपात बसायचं की पळायचं? नाशिकच्या घरांना एकच उत्तर लागू होईल का?

सह्यमाची
पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी या पट्ट्यात हलका धक्का बसला आणि नाशिकच्या 'मेरी' या अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या यंत्रांवर त्याची नोंद झाली, की घरोघरच्या ग्रुपांवर एकच सल्ला फिरू लागतो: 'हलायला लागलं की आधी बाहेर पळा.' फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबासाठी हा सल्ला घातक आहे, असं माझं ठाम मत आहे.

सहा-साडेसहा रिश्टरच्या भूकंपात जोराची हालचाल बहुतेक वेळा दहा ते वीस सेकंद टिकते. आजी-आजोबा आणि कडेवरचं मूल घेऊन चौथ्या मजल्यावरून उतरायला मिनिटभर तरी लागतं. म्हणजे सगळ्यात जोराचे हादरे बसत असताना कुटुंब जिन्यात सापडणार. जिन्याचा तिरका स्लॅब दोन मजल्यांच्या मध्ये टेकूसारखा अडकतो, ताण स्वतःवर ओढून घेतो आणि लवकर फाटतो. त्यातून खाली पोचलातच, तर दाराशी वरून काचा, कुंड्या, एसीची बाहेरची यंत्रं पडत असतात.

त्यापेक्षा जागच्या जागी गुडघ्यांवर खाली यावं, डोकं आणि मान भक्कम लाकडी टेबलाखाली न्यावी आणि टेबलाचा पाय घट्ट धरावा. टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरकावं. काचेचं किंवा प्लास्टिकचं टेबल उपयोगाचं नाही. अशा वेळी आतल्या भिंतीशी, खिडकी आणि कपाटापासून लांब, मानेवर हात घेऊन बसावं. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा जुना सल्ला आता सोडून द्यावा. चार इंची पार्टिशनमधली चौकट कसलाच आधार देत नाही, वर दार आपटून बोटं चिरडतात.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारनंतर झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आधी. त्यामुळे खरी तयारी रात्रीची करायला हवी. अंथरुणात असाल तर तिथेच पालथं व्हा आणि उशी डोक्या-मानेवर दाबून धरा. चप्पल आणि टॉर्च एका पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधून ठेवा. अंधारात अनवाणी काचेवर पाय पडला तर पुढचं सगळंच अवघड होतं.

पाथर्डीफाटा
सह्यमाची, तुमचा सल्ला इमारत उभी राहील असं गृहीत धरतो. जपानमध्ये ते धरता येतं. इथे कशाच्या भरवशावर धरायचं?

भूजचा भूकंप झाला २६ जानेवारी २००१ ला. अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त दूर, तरी तिथल्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता, नुसत्या कॉलमवर. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, अमृतधाम या भागांत त्याच धर्तीच्या इमारतींच्या रांगा आहेत. स्लॅब खाली आला तर टेबल काय करणार? तळमजल्यावर किंवा पहिल्यावर राहणाऱ्याला दहा सेकंदांत मोकळं मैदान गाठता येत असेल, तर त्याने निघावं. त्याला 'बसून राहा' सांगणं मला पटत नाही.

सह्यमाची
तळमजल्याचं मान्य, पण मैदान खरंच दारात असेल तरच. पहिल्या मजल्याचं मान्य नाही. तुम्हीच म्हणता की मोकळं पार्किंग सगळ्यात कच्चं. मग वरून धावत येणारा माणूस नेमका त्याच पार्किंगमधून बाहेर पडणार ना?

सळई-रिंग
दोघेही इमारतीबद्दल अंदाजाने बोलताय. आपली इमारत कशी आहे हे बऱ्याच अंशी तपासता येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१६ च्या भूकंप-संहितेच्या नकाशात नाशिक झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात होतं. 'आपल्याखाली काळा पाषाण आहे, आपल्याला काय होतंय' हे वाक्य इथे फार ऐकू येतं. किल्लारीसुद्धा याच दख्खनच्या बसाल्टवर आहे आणि तेव्हा ती सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होती. खडकामुळे हादरा वाढत नाही, इतकंच. काळ्या मातीच्या भरावावर किंवा नदीकाठच्या गाळावर पाया असेल तर तेवढाही फायदा नाही.

पार्किंगवाली इमारत का बसते? वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती असल्यामुळे ते पेटीसारखे ताठ राहतात. खाली भिंती नसल्याने सगळी लचक पार्किंगच्या कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकांना येते. तिथेच उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा जवळजवळ हव्यात, १०० मिलिमीटरपेक्षा लांब नकोत, आणि रिंगेची टोकं १३५ अंशांत काँक्रीटच्या गाभ्यात वळलेली हवीत. साइटवर बार-बेंडर घाईत ९० अंशांतच वळवतो. काँक्रीटचं कव्हर फुटलं की अशी रिंग उघडते, उभी सळई बाहेर फुगते आणि कॉलम चुरडतो. २००२ च्या भूकंप-संहितेत अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम-बीम अडीच पट ताकदीने डिझाइन करण्याची तरतूद होती. त्याआधीच्या इमारतींची पाहणी म्हणूनच आधी करून घ्यावी.

सोसायटीने काय बघावं? कॉलमवर उभी चीर आणि गंजाचे तपकिरी ओघळ दिसले तर आत सळई फुगली आहे. वरून प्लॅस्टर मारून ते झाकू नका. पार्किंगच्या एकाच बाजूला भिंती घालून ऑफिस किंवा दुकान काढलं असेल, तर ती बाजू ताठ होते आणि हादऱ्यात अख्खी इमारत पिळली जाते. हे फार ठिकाणी झालंय आणि कोणी त्याकडे बघत नाही, याचा मनापासून राग येतो. गच्चीवर मागाहून ठेवलेली पाच हजार लिटरची टाकी भरली की पाच टन होते, तेही सगळ्यात जास्त झोका बसतो तिथे.

उपाय आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काँक्रीटची ताकद बघणारी रिबाउंड हॅमर आणि कोअर तपासणी करून घ्यायची. मग कॉलमला जाकीट, म्हणजे भोवती नव्या सळया-काँक्रीटचा थर घालायचा, किंवा पार्किंगमध्ये पायापासून काँक्रीटच्या भिंती उभ्या करायच्या, लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांना आणि समतोल. जाकिटाच्या सळया इमारतीच्या पायात आणि वरच्या बीममध्ये नीट गुंतवल्या नाहीत तर तो फक्त जाड दिसणारा कॉलम होतो.

बसायचं की पळायचं यावर माझं मत सह्यमाचींच्या बाजूने. कच्ची इमारतसुद्धा पहिल्या पाच सेकंदांत बसेलच असं नाही, पण जिन्यातली चेंगराचेंगरी पहिल्याच सेकंदाला सुरू होते.

वाडासंवर्धक
सगळी चर्चा फ्लॅटची चाललीय. जुन्या नाशकात, पंचवटीत, भद्रकालीत लोक अजून वाड्यांत राहतात आणि तिथे दोन्ही सल्ले अर्धे-अर्धे चुकतात.

वाड्याचा लाकडी सांगाडा, म्हणजे खांब आणि तुळया, मुळात चांगला. तो लवचिक असतो, झुलतो. धोका बाहेरच्या दगड-विटांच्या भिंतीचा. ती सांगाड्याला बांधलेली नसेल तर सुटून बाहेर, बोळात पडते. बोळ असतो सहा-आठ फुटांचा. दिंडी दरवाज्यातून बाहेर धावणारा माणूस थेट त्या भिंतीखाली येतो. चौकात जावं म्हटलं, तर दहा-बारा फुटी चौकाच्या चारही बाजूंनी कौलं घसरतात. चौक मोठा असेल तरच मध्यभागी जाण्यात अर्थ आहे.

किल्लारीची घरं वेगळी होती: मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते, म्हणून भिंती फुगून फाटल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. तसलं घर तळमजल्याचं आणि दार उघड्यावर असेल, तर बाहेर पडणंच बरोबर. सगळ्या वाड्यांना तोच न्याय लावू नका.

वाड्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी खांबांचे बुंधे टोकदार पेचकसाने टोचून बघावेत. पेचकस सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी आहे. तुळईचं भिंतीत गेलेलं टोकही बघावं, गळतीचं पाणी तिथेच मुरतं. माळ्यावरची तांब्या-पितळेची जड भांडी खाली आणावीत. आणि झोपायची जागा सांगाड्याच्या आत घ्यावी, बाहेरच्या भिंतीला लागून नको.

शुश्रूषा
ज्यांना खाली बसताच येत नाही त्यांचं काय? गुडघे गेलेल्या आजींनी खुर्चीतच पुढे वाकून मानेवर दोन्ही हात घ्यावेत. चाकाची खुर्ची असेल तर आधी ब्रेक लावावा. तान्ह्या बाळाला पोटाशी धरून आपण त्याच्यावर ओणवं व्हावं. मोठी मुलं दुसऱ्या खोलीत असतील तर हलत असताना त्यांच्याकडे धावू नका. आई-बाप पडून जखमी होतात ते याच धावपळीत. मुलांना आपली आपण बसायची सवय आधीच लावलेली हवी.

घरात माणसं जखमी होतात ती बरेचदा सामानामुळे. लोखंडी कपाट वरच्या बाजूला दोन एल-अँगलने भिंतीला आवळा. विटांच्या भिंतीत साधा फास्टनर चालतो, एएसी ब्लॉकमध्ये (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांत) तो उपटून येतो, तिथे केमिकल अँकर लागतो.

हालचाल थांबली की आधी चप्पल, मग सिलिंडरच्या रेग्युलेटरची खटकी बंद, पाइप गॅस असेल तर मीटरजवळचा व्हॉल्व्ह. गॅसचा वास येत असेल तर एकाही बटणाला हात लावू नका, मेन स्विचलासुद्धा नाही. ठिणगी तिथेच पडते. वास नसेल तर मेन स्विच पाडा. मग जिन्याने उतरा, लिफ्ट नाही. पाणी माणशी रोज चार लिटर धरून तीन दिवसांचं, म्हणजे चौघांना अठ्ठेचाळीस लिटर. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभराच्या. फोन लागत नाहीत तेव्हा मेसेज जातो, म्हणून गावाबाहेरच्या एका नातेवाइकाला सगळ्यांनी कळवायचं असं ठरवून ठेवा.

पाथर्डीफाटा
सळई-रिंग यांचा मुद्दा पटला, पहिल्या मजल्याबद्दलचं मत मागे घेतो. पण २०२३ पासून अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा मिळतो. त्या सेकंदांत उतरता येणार नाही का?

सह्यमाची
भूकंप कुठे होतो त्यावर आहे. आधी सौम्य लहर पोचते, मागून जोराची. अंतर साधारण आठ किलोमीटरने वाढलं की दोन्हींमध्ये एक सेकंद वाढतो. डहाणू-तलासरीकडे, जिथे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तिथून नाशिकला बारा-चौदा सेकंदांचा फरक पडेल. त्यातले काही इशारा तयार होण्यातच जातात. पेठ-सुरगाण्याकडून आला तर पाच ते आठ सेकंद, म्हणजे इशारा आणि हादरा जवळपास एकदमच. इशारा आधी मिळालाच, तर तेवढ्यात गॅस बंद होईल, टेबल गाठता येईल. जिना नाही.

पाथर्डीफाटा
तळमजल्याबाबत मात्र मी ठाम आहे. तिथे राहणाऱ्यांनी रात्रीच्या कुलपाचा विचार करावा. सेफ्टी डोअरला आतून कुलूप लावून किल्ली देवघरात ठेवण्याची पद्धत आहे. किल्ली दाराशेजारीच, लहान मुलाचाही हात पोचेल अशा खिळ्याला हवी. बाहेरून जाळीतून हात घालून ती निघत नाही ना, एवढं एकदा बघून घ्यावं.