गटात शिकणारा वर्ग : नाशिकच्या शिक्षकांचे अनुभव

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या शिक्षक मंडळींसाठी हा धागा. मुलांना गटात शिकवा, हे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात चार मुलं एकत्र बसतात, एक लिहितो, बाकीचे खोडरबर फेकतात आणि दुसऱ्या आठवड्यात बाकं परत फळ्याकडे वळतात. म्हणून इथे रीत लिहा: गट किती जणांचा, काम कोणतं, मिनिटं किती, कुठे फिसकटतं आणि का. शाळेचं आणि मुलांची नावं नकोत. तालुका, इयत्ता, विषय एवढं पुरे.

नाशिक शहर, सहावी, गणित

आमच्याकडे जोडबाकं आहेत आणि वर्ग भरलेला असतो, त्यामुळे बाकं हलवायचा विचार सोडून द्यावा. एकाआड एक रांगेतल्या मुलांनी जागेवरच मागे तोंड करून बसायचं, की चारांचा गट तयार. यात एक मेख आहे. वळलेल्या मुलांना फळा दिसत नाही. त्यामुळे सूचना, उदाहरण आणि काम संपायची वेळ हे सगळं वळण्याआधी सांगून फळ्यावर लिहायचं, आणि कामाची चिठ्ठी गटाच्या मध्ये ठेवायची. वळल्यावर सूचना द्यायला गेलात तर अर्धा वर्ग मान वेळावून बसतो आणि तिथूनच गडबड सुरू होते.

चारच का? तिघांत दोघांची जोडी जमते आणि तिसरा बाहेर पडतो. सहांत दोन मुलं हमखास रिकामी राहतात. चारांत दोन जोड्या पडतात, आणि खरं काम जोडीत होतं.

गट पाडताना वार्षिक परीक्षेचे गुण धरू नका, नुकत्याच घेतलेल्या छोट्या चाचणीची क्रमवारी धरा. पट ४८ असेल तर १ ते १२, १३ ते २४, २५ ते ३६ आणि ३७ ते ४८ असे चार थर करून प्रत्येक थरातून एक मूल घ्यायचं. शेजारी बसवताना पहिल्या थरातल्या मुलाजवळ तिसऱ्या थरातलं आणि दुसऱ्याजवळ चौथ्यातलं बसवा. पहिला आणि चौथा शेजारी आले की अंतर फार पडतं. पुढचं मूल समजावत बसत नाही, थेट उत्तर सांगून मोकळं होतं. पट ५० असेल तर उरलेल्या दोघांचा वेगळा गट करू नका, दोन गटांत एकेक पाचवा घाला. गट साधारण सहा आठवडे टिकवा. दर आठवड्याला बदललेत तर मुलं एकमेकांना विचारायला धजावण्याआधीच पांगतात.

निफाड, सातवी, इतिहास-भूगोल

वरच्या रचनेत एक गोष्ट जोडते. गट बरोबर पडले तरी एका मुलाला एकट्याला जमेल असं काम दिलं तर ते एकटंच करणार. काम असं हवं की प्रत्येकाजवळचा तुकडा बाकीच्यांना लागलाच पाहिजे. अमेरिकेत एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत 'जिगसॉ' पद्धत याच विचाराने सुरू केली. तिथल्या वेगवेगळ्या वंशांच्या मुलांना तेव्हा नव्यानेच एका वर्गात आणलं होतं आणि त्यांच्यात ताण होता.

आपल्याकडे ही पद्धत गोदावरीवर फार छान बसते. विषयाचे पाच तुकडे करा: ब्रह्मगिरीचा उगम, गंगापूर धरण, रामकुंड आणि शहर, नांदूरमधमेश्वर, जायकवाडी. मुलं ३० असतील तर सहा मूळ गट, प्रत्येकी पाच जणांचे. प्रत्येकाला एक चिठ्ठी, फार तर १२० शब्दांची. सगळ्या 'धरणवाल्या' मुलांनी एकत्र बसायचं (हा तज्ज्ञ गट), आपला तुकडा समजून घ्यायचा, मग मूळ गटात परतून तो इतरांना शिकवायचा.

जोडतासिका लागते, एका तासिकेत होत नाही. ८ मिनिटं मूक वाचन, १२ मिनिटं तज्ज्ञ गट, २० मिनिटं मूळ गट म्हणजे प्रत्येकाला चार, आणि शेवटी १० मिनिटं प्रत्येकाची स्वतंत्र लेखी चाचणी. जागा बदलण्यात दहाएक मिनिटं जातात, ती आधीच धरा.

चिठ्ठीचा नमुना देते. "नांदूरमधमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा आहे. गाळ साचून तिथे उथळ पाणथळ तयार झाली. उथळ पाण्यात पक्ष्यांना खाद्य मिळतं. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं." याखाली दोन प्रश्न: गाळ साचला तर धरणाचा तोटा आणि पक्ष्यांचा फायदा, हे एकाच वेळी कसं? तुझ्या गटाला तू कोणतं चित्र काढून दाखवशील?

इथे हमखास होणारी गोष्ट म्हणजे मुलं परत येऊन चिठ्ठी नुसती वाचून दाखवतात. यावर साधा उपाय आहे. तज्ज्ञ गट उठायच्या आधी चिठ्ठ्या गोळा करून घ्या. हातात फक्त स्वतः काढलेलं चित्र आणि पाच शब्द राहू द्या. दुसरी अडचण गैरहजेरीची. एक तुकडा गेला की गट लंगडा पडतो, म्हणून सर्वांत अवघड तुकडा शक्य असेल तिथे दोघांना द्या.

आणि शेवटचा प्रश्न असा असावा की पाचही तुकड्यांशिवाय सुटणार नाही. उदाहरणार्थ: उगमाकडे जोराचा पाऊस झाला, गंगापूरमधून विसर्ग वाढवला, रामकुंडाजवळ पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत आलं. आता नांदूरमधमेश्वरला काय करावं लागेल आणि पैठणला काय दिसेल, क्रमाने लिहा. दुतोंड्या मारुतीवरून पूर जोखायची नाशिककरांची सवय मुलांना घरून माहीत असते, त्यामुळे या प्रश्नावर वाद रंगतो आणि तो मुद्द्याचाच असतो.

सुरगाणा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे आमच्याकडे एका खोलीत दोन इयत्ता. इथे गटकाम केलं नाही तर एक इयत्ता कायम रिकामी बसते. नियम एकच ठेवावा: एका वेळी एकाच गटाला शिक्षकाची गरज पडेल असं काम. दोन्हीकडे नवीन घटक काढलात की दोन्ही बुडाले.

दशक-एककाचं जोडीकाम सांगतो. दहा-दहा काड्यांचे नऊ गठ्ठे रबराने बांधलेले, नऊ सुट्या काड्या आणि १० ते ९९ च्या अंकचिठ्ठ्या. एकाने चिठ्ठी काढून मनात वाचायची आणि काड्या मांडायच्या, दुसऱ्याने मांडणी बघून पाटीवर संख्या लिहायची. मग चिठ्ठी उघडून ताडून बघायची आणि अदलाबदल. चूक झाली तर ती कुणाची, मांडणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, हे दोघांनी शोधायचं. या शोधातच खरं शिकणं आहे, तेव्हा आपण मध्ये तोंड घालू नये. गठ्ठ्यात नऊ किंवा अकरा काड्या निघाल्या की सगळं बिनसतं, म्हणून काम संपताना प्रत्येक जोडीने गठ्ठे मोजूनच डब्यात ठेवायचे. चिंचोके वापरत असाल तर कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, नाहीतर पावसाळ्यात त्यांचं पीठ होतं.

भाषेचंही सांगतो. गटातली चर्चा कोकणीतच होऊ द्या, म्हणजे इथली कोकणा समाजाची बोली, समुद्राकाठची नव्हे. प्रमाण मराठीचा आग्रह चर्चेच्या वेळी धरला तर बोलकी मुलंसुद्धा गप्प होतात. ठरलेलं उत्तर लिहिताना मात्र मराठीत. दोन्ही भाषा बऱ्या येणारं एक तरी मूल प्रत्येक गटात असावं.

दिवाळीनंतर आईबाप द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात आणि काही मुलंही जातात. त्या काळात चारांचे गट टिकत नाहीत. तेव्हा जोडी हेच एकक धरा आणि मूल परत आलं की त्याला जुन्याच जोडीदाराकडे बसवा.

सिन्नर, आठवी, विज्ञान

निफाडच्या बाईंनी एकमेकांवर अवलंबून असलेल्या तुकड्यांचं सांगितलं, ते प्रयोगात कसं आणायचं ते लिहितो. आम्ल, आम्लारी आणि उदासीन द्रावणं ओळखणं हा घटक घ्या. सगळ्या गटांना सगळं साहित्य देऊ नका. अर्ध्या गटांना फक्त हळदीचा कागद, अर्ध्यांना फक्त निळा लिटमस.

हळदीचा कागद: दोन चमचे हळद थोड्या पाण्यात कालवून टिपकागदावर पातळ लेप द्यायचा, सावलीत वाळवायचा, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. द्रावणं चार, बाटल्यांवर फक्त अ, ब, क, ड: लिंबूसत्वाचं पाणी, चुन्याची निवळी, मिठाचं पाणी, साबणाचं पाणी. लिंबाचा रस नको, वासावरून लगेच ओळखतात. लिंबूसत्वाचं पाणी स्वच्छ दिसतं आणि त्याला वास नसतो. खाण्याचा सोडाही टाळा, हळदीवर त्याचा रंग फिकट येतो आणि मुलं तासभर रंगावरच भांडतात.

हळदवाल्यांना दोन द्रावणांत लाल-तपकिरी रंग मिळतो, दोनांत पिवळाच राहतो. लिटमसवाल्यांना एकच तांबडा दिसतो, तीन निळेच. म्हणजे हळद आम्लारी दाखवते, पण आम्ल आणि उदासीन यात फरक करत नाही. निळा लिटमस आम्ल दाखवतो, पण आम्लारी आणि उदासीन यात नाही. मिठाचं पाणी कोणत्याच गटाला एकट्याने सापडत नाही. दोन गटांनी तक्ते शेजारी ठेवले की जे द्रावण दोन्हीकडे 'बदल नाही' ठरलंय, ते उदासीन. हे मुलांना स्वतःला सापडू द्या. मी तक्ता फळ्यावर काढत नाही, कारण काढला की विचार माझा होतो.

कुठे बिघडतं? साबणाच्या हाताने पट्टी धरली की हळदीचा कागद आधीच लाल. एकच ड्रॉपर चारही बाटल्यांत बुडवला की सगळे निकाल खोटे. म्हणून प्रत्येक बाटलीला स्वतंत्र काडी. चुन्याची निवळी डोळ्यात जाता कामा नये, ती बाटली शिक्षकाने स्वतः फिरवावी. शेवटी हळद आणि चुन्यापासून कुंकू करण्याची जुनी रीत सांगून 'का?' विचारा. उत्तर मुलंच देतात.

इगतपुरी, समावेशित शिक्षण

वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक एकत्र असतात तो वर्गही सहकार्याचाच, आणि तिथे सगळ्यात जास्त घोळ होतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने समावेशित शिक्षण, म्हणजे दिव्यांग मुलांनी इतरांबरोबर एकाच वर्गात शिकणं, सांगितलं आहे, पण फिरता विशेष शिक्षक एका शाळेत ठरलेल्या वारीच येतो. त्यामुळे होतं काय, तो आला की वर्गातल्या त्या एका दिव्यांग मुलाशेजारी बसतो. मग मूल मोठ्या माणसाकडे बघून बोलतं आणि गटातल्या मुलांना त्याच्याशी बोलायची गरजच उरत नाही.

विशेष शिक्षकाने गटाच्या बाहेर, तिरकं बसावं आणि मुलाने विचारलं तर आधी "शेजारच्याला विचार" म्हणावं. दोघा शिक्षकांनी आदल्या दिवशी फोनवर तीन गोष्टी ठरवाव्या: पहिली दहा मिनिटं कोण बोलणार, दुसरा त्या वेळी कुणाची नोंद घेणार, आणि गटकामात कोणते गट कुणाकडे. अधूनमधून विशेष शिक्षकाने संपूर्ण वर्गाला शिकवावं आणि वर्गशिक्षकाने त्या गटाजवळ बसावं. मुलांच्या मनातला 'त्याचे सर' हा शिक्का यानेच जातो.

श्रवणयंत्र वापरणारं मूल असेल तर त्याचा गट पंख्याखाली किंवा रस्त्याकडच्या खिडकीशी नको. भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे बाकी तिघांचे चेहरे दिसतात. बोलणाऱ्याने हातात डस्टर धरायचं, डस्टर ज्याच्याकडे तोच बोलणार. यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, त्यामुळे तिघं एकदम बोलले की त्या मुलाला काहीच कळत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला कागद वाटायचं काम देऊन मोकळे होऊ नका, याची मला मनापासून चीड आहे. मैदान मोजायचं असेल तर टेपवरचा आकडा वाचायचं काम त्याच्याकडे द्या. तो आकडा आल्याशिवाय गट पुढे जाऊ शकत नाही.

मालेगाव, सातवी, भाषा

थोडक्यात. मिश्र गटात अक्षर चांगलं म्हणून कायम मुलीच लिहितात आणि सांगायला मुलगे उठतात. भूमिका बाकाच्या जागेला बांधा, मुलाला नको: खिडकीकडचा लिहिणार, त्याच्या समोरचा सांगणार, आणि दर तासिकेला सगळ्यांनी एक जागा सरकायचं.

दिंडोरी, पाचवी, सर्व विषय

गुणांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. गटाला मिळून एकच गुण दिला की काम करणारं मूल चिडतं आणि न करणारं निर्धास्त होतं. काम गटात, गुण प्रत्येकाला. शेवटची पाच मिनिटं पुस्तक बंद करून दोन प्रश्नांची चिठ्ठी एकट्याने सोडवायची. गटाचं उत्तर विचारताना १ ते ४ अंकांची चिठ्ठी काढा आणि त्या क्रमांकाच्या मुलालाच उठवा. आपला क्रमांक निघू शकतो हे ठाऊक असलं की मुलं स्वतःहून "मला परत सांग" म्हणतात.

आकारिक मूल्यमापनासाठी, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या नोंदींसाठी, तासभर सगळ्या गटांमागे धावू नका. एका तासिकेत दोनच गट बघा आणि एकेक ओळ लिहा. "गट ३: उत्तर बरोबर, कारण एकच जण सांगतो." "गट ७: छेदावर अडले, दोघांचं म्हणणं वेगळं, पट्टी मोडून ताडून पाहिलं." 'सहभाग चांगला' अशी नोंद पालकांपुढे ठेवली तर त्यातून काहीच सांगता येत नाही.

"आमच्या मुलाचा वेळ दुसऱ्यांना शिकवण्यात जातो" ही पालकांची तक्रार येतेच आणि ती उडवून लावू नये. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे एक अवघड प्रश्न ठेवा. चौघांच्याही वहीत पुढचं काम पूर्ण झाल्यावरच तो उघडायचा.

ज्यांना ३५ मिनिटांच्या एकाच तासिकेत सुरुवात करायची आहे त्यांनी आधी गट पाडूच नयेत. प्रश्न फळ्यावर, एक मिनिट गप्प बसून स्वतः वहीत लिहायचं, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं, मग तीन मिनिटं चार-पाच जोड्यांना विचारायचं, आणि विचारताना "तुझं मत काय" असं न विचारता "तुझ्या जोडीदाराने काय सांगितलं" असं विचारायचं. पहिलं शांत मिनिट बहुतेक जण घाईत गाळतात. तेवढं गाळू नका, नाहीतर जो आधी बोलतो त्याचंच उत्तर दोघांचं होतं.