मदत हवी आहे: फोन सीटबॅगेत टाकल्यापासून घड्याळ राईड अर्धवट नोंदवतंय

आडवाट७
सायकलवर फोन नक्की ठेवायचा कुठे? हँडलबारवरचा माऊंट काढून टाकलाय, आता फोन सीटबॅगेत असतो. तेव्हापासून स्मार्टवॉचवरची प्रत्येक राईड गंडतेय. वळणावळणाचा रस्ता असला तरी नकाशावर मध्येच सरळ रेघा, त्यामुळे अंतर कमी आणि सरासरी वेगही कमी. शिवाय चढावर धाप लागलेली असताना पल्स ११०! घड्याळ रिस्टार्ट, रिसेट, अपडेट सगळं करून झालंय, ते सोडून सांगा. रविवारी ग्रुपबरोबर मोठी राईड आहे, त्याआधी हे सुटायला हवं.

गिअरनऊ
घड्याळ कोणतं? फोन कोणता? नोंद कुठल्या अ‍ॅपमध्ये होते? एवढं कळल्याशिवाय इथे सगळे अंदाजच बांधणार.

आडवाट७
मॉडेलचा काय संबंध? जीपीएसवालं घड्याळ आहे, खोक्यावर तसं लिहिलंय. फोन अँड्रॉइड. अ‍ॅप घड्याळाच्या कंपनीचंच.

सावकाश_पण_रोज
संबंध आहे. खोक्यावर जीपीएस लिहिलेलं असलं तरी दोन प्रकार असतात. काही घड्याळांत स्वतःचा रिसीव्हर असतो. बऱ्याच बँडमध्ये आणि साध्या घड्याळांत तो नसतो. ती ब्लूटूथवरून फोनचं लोकेशन घेतात, त्याला कनेक्टेड जीपीएस म्हणतात. तपासायला सोपं आहे. फोनचं ब्लूटूथ बंद करा, घड्याळावर राईड सुरू करा, मोकळ्या आभाळाखाली एक चक्कर मारा. नकाशा उमटला तर रिसीव्हर घड्याळात आहे. नुसती वेळ आणि पल्स दिसली तर जे काही बिघडतंय ते फोनमध्ये.

लोखंडीफ्रेम
माऊंट काढलातच कशाला? फोन डोळ्यांसमोर हवा. रस्ता दिसतो, फोन कोणाचा येतोय ते कळतं. चांगला कुलूपवाला माऊंट परत लावा, विषय संपला.

आडवाट७
कॅमेरा थरथरायला लागला म्हणून काढला. परत लावणार नाही.

पाणीबाटली
बरोबर केलंत. कॅमेऱ्यात ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असेल तर आतली लेन्स अक्षरशः तरंगती असते, सततच्या कंपनांनी ती यंत्रणा खराब होऊ शकते. अ‍ॅपलने २०२१ साली याबद्दल जाहीर सूचना काढली होती.

लोखंडीफ्रेम
ती सूचना जास्त ताकदीच्या मोटारसायकल इंजिनांबद्दल होती. सायकलला इंजिन कुठलं?

पाणीबाटली
त्याच सूचनेत मोपेड आणि स्कूटरसाठीही कंपनं शोषणारा माऊंट वापरा, असं सांगितलंय. खडबडीत रस्त्यावर कडक टायर आणि सस्पेन्शन नसलेला फोर्क असेल तर हँडलबारला काय हादरे बसतात ते मनगटांना विचारा. नकाशा पाहायचा असेल तर सायकल कॉम्प्युटर घ्या, महागडा फोन पुढे टांगू नका.

टाच_खाली
धागाकर्ते, चढावर धाप लागते म्हणालात. आधी सीटची उंची बघा. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यावर पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. सीट खाली असेल तर मांड्या लवकर भरून येतात, गुडघेही दुखतात. बहुतेकांची सीट खालीच असते.

आडवाट७
सीट ठीक आहे. धाप लागणारच, चढ आहे तो! प्रश्न पल्स चुकीची दाखवण्याचा आहे.
@सावकाश_पण_रोज, तुम्ही सांगितलं तसं केलं. नकाशा आला नाही, फक्त वेळ. म्हणजे फोनचंच लोकेशन घेतंय. पण मग माऊंटवर असताना रेषा व्यवस्थित कशी यायची? फोन तोच, घड्याळ तेच. सीटबॅग सिग्नल अडवते का?

गिअरनऊ
कापडी बॅग जीपीएस अडवत नाही. माऊंटवर असताना स्क्रीन चालू ठेवायचात का? आणि बॅटरी सेव्हर?

आडवाट७
स्क्रीन चालूच असायची, नकाशा बघायला. बॅटरी सेव्हर कायम चालू असतो. त्याचा काय संबंध?

गिअरनऊ
सगळा संबंध तिथेच आहे. बॅटरी सेव्हर चालू असताना स्क्रीन बंद झाली की बरेच अँड्रॉइड फोन लोकेशन थांबवतात. माऊंटवर स्क्रीन चालू होती म्हणून चाललं. बॅगेत स्क्रीन बंद, लोकेशन बंद. मधले बिंदू मिळत नाहीत, मग अ‍ॅप दोन टोकं सरळ रेघेने जोडून मोकळं होतं. वळणाचा रस्ता सरळ झाला की अंतर कमी येणारच.
राईडपुरता बॅटरी सेव्हर बंद करा. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीत ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा, नाहीतर पार्श्वभूमीत चाललेलं अ‍ॅप फोन स्वतःच बंद करतो. लोकेशनची परवानगी ‘ऑल द टाइम’ द्या. काही फोनमध्ये या नावांऐवजी ऑटो-स्टार्टचं वेगळं बटण असतं, तेही बघा.

सावकाश_पण_रोज
+१. एक भर घालतो. ब्लूटूथची लहर २.४ गिगाहर्ट्झची, शरीरातलं पाणी ती शोषून घेतं. फोन सीटखाली, घड्याळ हँडलवर आणि मधे अख्खा माणूस, अशाने जोडणी तुटू शकते. घड्याळ ज्या हाताला, त्याच बाजूच्या जर्सीच्या खिशात फोन ठेवून बघा.

पाणीबाटली
पाठीवर फोन? पाठीवर पडलात तर तोच कडक तुकडा मणक्यात रुतेल.

सावकाश_पण_रोज
म्हणूनच बाजूचा खिसा म्हटलं, मधला नाही. आणि पडल्यावर माणूस एकीकडे, सायकल दुसरीकडे जाते. फोन सायकलवर राहिला आणि तुम्हाला उठता येत नसेल तर हाक कोणाला मारणार? घड्याळातलं पडझड ओळखणारं फीचरसुद्धा सिम नसलेल्या घड्याळात फोनमार्फतच निरोप पाठवतं. फोन अंगावरच हवा, याबाबतीत मी मागे हटणार नाही.

लोखंडीफ्रेम
हे मात्र पटलं. लॉक स्क्रीनवर आपत्कालीन संपर्क आणि रक्तगटही भरून ठेवा, फोन न उघडता दुसऱ्याला वाचता येतो.

चिखलटायर
अवांतर: खिशात घाम लागून माझ्या फोनचं चार्जिंग बंद पडलं होतं. वॉटरप्रूफ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आयपी रेटिंगच्या (फोन पाणी-धूळ किती रोखतो त्या दर्जाच्या) चाचण्या गोड्या पाण्यात होतात, घामात मीठ असतं. साधी झिपची प्लास्टिक पिशवी पुरते. स्क्रीन अंगाकडे करून ठेवा.

आडवाट७
पिशवीचं बघतो. पल्सचं कोणीच सांगितलं नाही.

ठोका_ठोका
छातीचा पट्टा घ्या. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्तप्रवाहातला बदल मोजतं. हँडल घट्ट धरलं, मनगट वाकलं, वरून हादरे बसले की तो अंदाज बिघडतो. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. पोलर कंपनीने १९८२ मध्ये खेळाडूंसाठी बिनतारी पट्टा आणला, तेव्हापासून प्रशिक्षकांचा भरवसा त्याच्यावर आहे. घड्याळातल्या पल्सवर झोन (व्यायामाच्या जोराचे टप्पे) ठरवणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

सावकाश_पण_रोज
लगेच खरेदी कशाला? आधी घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा, राईडपुरतं एक भोक घट्ट करा. घरातून निघायच्या पाच मिनिटं आधी घाला. थंडीत बाहीच्या आत ठेवा, हात गार पडले की कातडीतला रक्तप्रवाह कमी होतो.

ठोका_ठोका
त्याने थोडा फरक पडेल, इंटरव्हलमध्ये (आलटून पालटून जोरात आणि हळू चालवताना) तरीही मागेच राहील.

टाच_खाली
२२० वजा वय करून कमाल पल्स काढा, म्हणजे ११० बरोबर की चूक ते समजेल.

ठोका_ठोका
ते सूत्र सरासरी माणसाचं आहे. एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. धाप लागून बोलता येत नाही आणि घड्याळ ११० म्हणतंय, तर चूक ठरवायला सूत्राची गरजच नाही.

आडवाट७
आज सकाळी करून पाहिलं. बॅटरी सेव्हर बंद, अ‍ॅप अनरिस्ट्रिक्टेड, फोन पिशवीत घालून डाव्या खिशात. रेषा पूर्ण आली, एकही सरळ रेघ नाही. गिअरनऊ, मनापासून आभार. घड्याळ वर सरकवल्यावर चढावर पल्स १५२ दिसली, ती पटते. पण उतारावर खडबडीत पट्ट्यात मध्येच शून्य होते. पट्टा घेतला तर या घड्याळाला जोडता येईल का?

ठोका_ठोका
घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये बाहेरचा सेन्सर जोडायचा पर्याय शोधा. नसेल तर पट्टा घड्याळाला जोडता येणार नाही. तो ब्लूटूथवरून थेट फोनमधल्या एखाद्या सायकलिंग अ‍ॅपला जोडा आणि राईड तिथेच नोंदवा. मात्र एकच राईड दोन्हीकडून एकाच हेल्थ अ‍ॅपमध्ये जाऊ देऊ नका, कॅलरी दुप्पट मोजल्या जाऊ शकतात.

गिअरनऊ
रविवारसाठी आणखी एक. बॅटरी सेव्हर बंद आहे, म्हणजे फोन लवकर उतरेल. पूर्ण चार्ज करून निघा, स्क्रीन बंद ठेवा आणि छोटी पॉवर बँक सीटबॅगेत टाका, ती जागा आता रिकामीच आहे.