मदत हवी आहे : मॉर्फिननंतर लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी शांत का होत नाहीत?

सायली_न्यूरो
तातडीचं आहे, उद्या लॅब मीटिंग. मॉर्फिन दिल्यावर पी१ (विद्युत नोंदीतला एक उंचवटा) लहान होतोय आणि झोतानंतर फायरिंगमध्ये पडणारा खंडही आखूड होतोय. वेदनाशामकाने सगळं थंडावायला हवं ना? गाईडना कारण हवंय. प्लीज, ‘पाठ्यपुस्तक वाच’ असं सांगू नका.

गोल्गी
झोत कसला? प्राणी कोणता? फील्ड (अनेक पेशींची एकत्र नोंद) की एकेक पेशी? औषध कुठून दिलं?

सायली_न्यूरो
अहो, माऊस. मिशांच्या जागी हवेचा झोत, लहान मेंदूच्या क्रस २ भागात पर्किंजे पेशी, सेल-अटॅच्ड (एकेका पेशीला इलेक्ट्रोड चिकटवून). युरेथेनची भूल.

जुना_फार्माको
लहान मेंदूत म्यू रिसेप्टर (मॉर्फिन ज्यांना चिकटतं ते) नगण्य असतात, आम्ही हेच शिकलो. इलेक्ट्रोड तपासा आधी.

पेटस्कॅन
सर, ते रॅटचं झालं. माणसात कारफेंटॅनिल (म्यूला चिकटणारं ओपिऑइड) लहान मेंदूतही चिकटतं, म्हणून तर त्या स्कॅनमध्ये संदर्भाला, म्हणजे हे रिसेप्टर जवळपास नसलेली जागा म्हणून, ऑक्सिपिटल कॉर्टेक्स (मेंदूचा मागचा भाग) घेतात.

जुना_फार्माको
माणसाचं इथे काय? ती माऊस म्हणतेय.

अनघा_ठाणे
माझ्या सासूबाईंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ट्रॅमाडॉल दिलंय, उठलं की तोल जातो. हे लहान मेंदूमुळेच का?

पेटस्कॅन
अनघाताई, ट्रॅमाडॉल सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिनवरही काम करतं, गरगरणं त्यात नेहमीचं. आजच डॉक्टरांना फोन करा, त्यांना एकट्या उठू देऊ नका. गोळी मनाने बंदही करू नका.

नियम_सांगतो
ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली आहे. प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा.

गोल्गी
मूळ प्रश्नाकडे येऊ. सायली, पी१ हा दाबणारा भाग आहे. मॉसी तंतू (बाहेरून संदेश आणणारे) ग्रॅन्युल पेशींना चेतवतात, त्यांचे समांतर तंतू पर्किंजेलाही चेतवतात (नोंदीत तो एन१) आणि मॉलिक्युलर थरातल्या इंटरन्यूरॉन्सनाही. इंटरन्यूरॉन गाबा (पेशींना दाबणारं रसायन) सोडतात, त्यातून पी१ आणि तो खंड. पी१ लहान झाला म्हणजे दाब कमी झाला, मग खंड आखूड होणारच. यात विसंगती काहीच नाही. म्यू रिसेप्टर कॅल्शियम वाहिन्या आवळतो, पोटॅशियमच्या उघडतो, पण ज्या पेशीवर तो बसलाय ती शांत होते. तुला पेशी कोणती ते शोधायचंय. इंटरन्यूरॉन असेल तर एन१ टिकेल. ग्रॅन्युल किंवा त्याआधी असेल तर एन१ही खाली येईल. गॅबाझिनने (गाबा रोखणारं औषध) पी१ काढून टाक, मग मॉर्फिन दे आणि एन१ बघ. आणि औषध कुठून दिलं, ते अजून सांगितलं नाहीस.

सायली_न्यूरो
त्वचेखाली. सगळे तसंच देतात.

गोल्गी
मग लहान मेंदूबद्दल आत्ता काहीच म्हणू नकोस! चेहऱ्याचा स्पर्श जिथे आधी पोहोचतो त्या ट्रायजेमिनल केंद्रकातच झोताचा संदेश क्षीण झाला असेल.

जुना_फार्माको
हे पटत नाही. झोत म्हणजे स्पर्श. मॉर्फिन वेदना दाबतं, स्पर्श बऱ्यापैकी शाबूत ठेवतं.

गोल्गी
बऱ्यापैकी, पूर्ण नव्हे. मिलिसेकंदांचं मोजमाप चाललंय, तेवढा फरकही पुरतो. औषध थेट क्रस २ च्या पृष्ठभागावर सोडायला हवं, शेवटी नालोक्सोनने (ओपिऑइड रोखणारं औषध) परिणाम उलटतो का तेही बघायला हवं.

सायली_न्यूरो
गॅबाझिन आहे, नालोक्सोन मागवावं लागेल. उद्या फक्त पी१चा आलेख दाखवू का?

गोल्गी
दाखव, पण त्याखाली ‘त्वचेखाली’ असं स्पष्ट लिही. आणि एन१ आजच्या नोंदींमधूनच मोजता येईल, तो मोजून इथे टाक.